समुद्राची पाळ

जागेश्वर पेंटर आयुष्यात एकदाच ठरवून खोटं बोलला, आणि तेही त्याला शेवटपर्यंत निभावता आलं नाही. तसा तो काही मोठा सत्यवादी नव्हे. गिऱ्हाइकाला 'उद्या देतो' म्हणणं हे खोट्यात धरत नाहीत, नाहीतर आपल्या गोंदिया जिल्ह्यातले सगळे शिंपी, सुतार आणि पेंटर थेट नरकातच जायचे. पण मनात योजून, दोन-तीन दिवस घोकून, पोटच्या पोरीशी बोललेलं हे पहिलंच.

गोरेगावहून आत सात-आठ किलोमीटरवर, तलावाच्या पाळीखाली, म्हणजे मातीच्या बांधाखाली, त्याचं गाव आहे. माणूस जातीचा कोहळी. वाडवडिलांनी मातीवर माती घालून तलाव बांधले, त्या पाण्यावर सगळ्या गावाचं धान पिकतं, आणि जागेश्वरचंही थोडंबहुत पिकतं. पण त्याचा हात नांगरापेक्षा कुंचल्यावर बसलेला. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, रेशन दुकानाची पाटी, निवडणुकीतली चिन्हं, सगळं त्याच्याच हातचं. आता पाट्या छापून येतात, तरी पडदे मात्र अजून त्याच्याकडेच येतात. दिवाळी झाली की आपल्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक आलंच. नाटकाला मागे पडदा लागतो. जंगल, राजवाडा, रस्ता, श्रीमंताचा बंगला, हे चार पडदे जागेश्वर डोळे मिटून काढतो असं लोक म्हणायचे.

डोळे मिटून! आणि त्याने खोटं बोलावं तर तेही डोळ्यांचंच.

त्याची रेणू, एकुलती एक पोर, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण. नोकरी लागली ती पार दुसऱ्या टोकाला, दापोलीकडे, समुद्राच्या काठच्या एका कोळ्यांच्या गावात. इथून निघालं की दोन दिवस प्रवासात जातात. जागेश्वरने त्या दिवसापासून गावात सांगायला सुरुवात केली, 'पोरगी वनवासात गेली.' वर्ष झालं, तीन झाली, सात झाली. पोरगी सुट्टीत यायची, आठ-पंधरा दिवस राहायची, परत जायची. बाप एकदाही तिकडे गेला नाही. शामकला, म्हणजे त्याची बायको, कधीमधी म्हणायची, 'जाऊन तर पाहू कशी राहते ते.' यावर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, 'वनवास पाहाले कोनी जाते का?'

या वर्षी रेणूला आपल्या जिल्ह्यात बदली मागता येणार होती. ऑनलाइन अर्ज करायचा, बस. जागेश्वरने घराच्या मागच्या अंगाला तिच्यासाठी खोली बांधून घेतली, तिला फिकट निळा रंग दिला, गोरेगावच्या आसपास कोणत्या शाळेत जागा रिकामी आहे त्याची चौकशी करून आला. आणि पोरगी फोनवर म्हणाली, "बघते, बाबा."

बघते! सात वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली त्या दिवशी 'बघते'? आठ दिवसांनी विचारलं तरी 'बघते'. त्याला त्या शब्दामागे काहीतरी दिसलं, पण ते काय आहे हे पाहायची त्याची हिंमत झाली नाही. दोन-तीन दिवस तो बांधावर बसून विडी ओढत राहिला, आणि एका सकाळी फोन लावून म्हणाला, "बाई, मले आता धड दिसत नाई. रंग ओळखू येत नाई. समोरचा मानूस धुक्यातल्यावानी दिसते."

चुलीपाशी शामकला तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच राहिला. फोन ठेवल्यावर ती म्हणाली, "का जी, लाज नाई वाटत? काल तर छपरावरची घूस दाखवली मले!"

"चूप राय."

"धडधाकट डोळ्याले कायले नाट लावता? जीभ झडन तुमची."

"तुले पोरगी पायजे का नाई घरी? सांग."

शामकलालाही पोरगी हवीच होती. ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली, आणि अशा रीतीने खोट्यात तीही सामील झाली. पुढे रेणू फोनवर विचारायची, 'आई, बाबाचे डोळे कसे आहेत?' तर ही म्हणायची, 'त्याहिलेच विचार.'

रेणू रोज फोन करू लागली. 'गोंदियाला डॉक्टरकडे जा', 'नागपूरला दाखवा', 'मी येऊ का?' जागेश्वर म्हणायचा, डॉक्टर काय करणार, वय झालं. पण अर्ज भरते असं काही तिच्या तोंडून निघेना. आणि अशातच योगराज आला.

योगराज हा गावच्या नाट्य मंडळाचा अध्यक्ष, आणि या वर्षी लेखकही तोच. नाटकाचं नाव तेव्हापर्यंत तीनदा बदलून झालं होतं, पण कथा पक्की होती. कोळ्याची पोर, तिच्यावर भाळलेला सावकाराचा पोरगा, आणि शेवटी सगळे रडतात. "मामाजी," योगराज म्हणाला, "या खेपेले समुद्र पायजे. आन् सुना नाई. गजबजलेला! होड्या, मासोळ्या, बाया, टोपले, लिलाव. लोकं म्हनले पायजे, का हा समुद्रच आनला."

जागेश्वरपुढे दोन अडचणी होत्या. एक तर त्याने समुद्र पाहिला नव्हता. दुसरं म्हणजे पडद्यावर माणूस काढायचा नाही, ही त्याची शिस्त. पुढे जिवंत नट नाचत असताना मागे रंगवलेला माणूस हात वर करून तसाच उभा राहिला तर भुतासारखा दिसतो. पण समुद्र ऐकल्यावर त्याच्या बोटांना खाज सुटली, हे खरं. एकसष्ट वर्षांच्या माणसाला आता नवीन काय काढायला मिळणार? तो हो म्हणून बसला.

रेणूला कळलं तेव्हा ती वैतागली. "दिसत नाई म्हनता आन् पडदा कायले घेतला?"

"हाताले सवय आहे बाई. अंदाजानं काढतो. तू तिकडले फोटो पाठव, आई सांगन मले त्याच्यात काय आहे ते."

फोटो आले, चांगले वीस-बावीस. खोली आतून बंद करून जागेश्वरने ते एकेक मोठे करून पाहिले. नाकाड वर उचललेल्या होड्या, त्यांच्यावर रंगीबेरंगी झेंडे, वाळूवर ढिगाने ओतलेली मासळी, आणि सगळ्यांत मोठं नवल म्हणजे बैल! बैलगाडी चाकं बुडेपर्यंत पाण्यात गेलेली, आणि माणसं होडीतून टोपल्या तिच्यात टाकताहेत. समुद्रात बैल जातात हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. एवढा वेळ परका वाटणारा समुद्र बैलांमुळे त्याला एकदम ओळखीचा वाटला.

समाजमंदिराच्या फरशीवर मांजरपाटाचा वीस हाती पडदा अंथरला, सरस उकळला, रंग कालवले, आणि काम सुरू झालं. होड्या उतरल्या, बैल उतरले, वाळू उतरली. राहिलं पाणी. आता फोटोत पाणी कुठवर दिसायचं? दूर जाऊन ते पांढुरक्या धुक्यात विरायचं. जागेश्वर तिथे थबकला. एवढं पाणी आहे म्हणजे त्याला काहीतरी अडवत असणार. कोहळ्याच्या पोराला हे शिकवावं लागत नाही. पाणी दिसलं की त्याची नजर आधी पाळ शोधते. धुक्यात दिसत नाही एवढंच, पण धुक्यामागे पाळ असणारच. त्याने ती काढली. चांगली रुंद, मातीची, वर शिंदीची झाडं, उतारावर गवत. असा झोकात हात चालला की विचारू नका.

गाव पाहायला आलं. एकाही माणसाला त्यात चूक दिसली नाही. यादोराव ढिवर, ज्याचा सगळा जन्म गावच्या तलावात डोंगा चालवण्यात गेला, त्यानेही होड्यांवरून नजर फिरवून मान हलवली. योगराज तर खूश. "वा मामाजी! पाळ मजबूत काढली. फक्त एक करा, तुडूम राहिलं." तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेताला सोडायची मोरी. जागेश्वरने कपाळावर हात मारला, खरंच की! आणि अरबी समुद्राला तुडूम बसवलं.

योगराजने फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. रेणू त्या ग्रुपमध्ये होती.

अर्ध्या तासात फोन वाजला. जागेश्वर म्हणाला, "हालो," तर पलीकडून नुसतं मुसमुसणं. त्याला वाटलं, तिकडे कोणी गेलं की काय.

"बाबा," रेणू कशीबशी म्हणाली, "मी एवढे फोटो पाठवले... तुमाले त्याच्यातलं काईच दिसलं नाई?"

"काऊन?"

"समुद्राले पाळ नसते, बाबा."

तो चक्रावलाच. "नसते? मंग पानी थांबते कायले?"

"थांबतच नाई ते. पलीकडं काईच नाई. नुसतं पानी आन् आभाळ. सारं फोटोत होतं, बाबा. मले वाटे तुमी वाढवून सांगता. मले वाटे, मी यावं म्हनून सांगता. मी किती वाईट आहे... तुमचे डोळे खरंच गेले."

आता इथे बोलायची वेळ होती. 'अगं वेडे, डोळ्याने नाही, सवयीने काढली ती पाळ,' एवढं वाक्य बोललं असतं तर पुढचं काही झालं नसतं. ते वाक्य त्याच्या जिभेवर आलंही होतं. तेवढ्यात रेणू म्हणाली, "मी आजच अर्ज भरते," आणि ते वाक्य त्याने गिळलं. संध्याकाळी अर्ज भरल्याचा मेसेज आला. अर्ज मागे घ्यायचा असेल तर महिनाअखेरीपर्यंत मुदत, त्यानंतर बदली पक्की, असं त्यात लिहिलं होतं. जागेश्वरने गावात पेढे वाटले. शामकलाने तिच्या वाट्याचा पेढा देवापुढे ठेवला आणि तोंडात काही घातला नाही.

पाळ पुसली. ओल्या फडक्याने खरवडून काढली, तिथे पांढरं अस्तर दिलं आणि नुसतं पाणी भरलं. येणारे-जाणारे हळहळले, 'चांगली होती, कायले काढली?' पण त्याचं लक्ष तिकडे नव्हतं, कारण रेणूने नवीनच एक काम सुरू केलं होतं. शाळा सुटली की ती थेट समुद्रावर जायची आणि बापाचं तोंड दिसावं म्हणून तिथून व्हिडिओ कॉल लावायची. 'फोटो दिसत नाहीत ना, मग मी सांगते, तुम्ही ऐकून काढा.'

आणि मग ती सांगायची. वाळूतून चालत, धापा टाकत, आंधळ्याला सांगावं तसं एकेक. "बाबा, माझ्या डाव्या हाताले एक निळी होडी आहे. तिच्यावर लाल झेंडा. तिच्या पुढं दोन बाया बर्फ फोडून राहिल्या. एकीनं हिरवं लुगडं घातलं, कासोटा मारून. आता एक गाडी पान्यात चालली. बैल ढवळे आहेत. डाव्या बैलाचं शिंग वाकडं आहे."

जागेश्वर समाजमंदिरात पडद्यावर मांडी घालून बसलेला असे, फोन रंगाच्या डब्याला टेकवून. त्याला होडी दिसत होती. लाल झेंडा दिसत होता. बैलाच्या शिंगाला बांधलेली जांभळी चिंधीही दिसत होती, जी रेणू सांगायला विसरली होती. तो म्हणायचा, "हं. मंग?" आणि ती आणखी सांगायची. पोर लहान असताना याच बापाने तिला खांद्यावर घेऊन मंडईतली एकेक वस्तू नाव घेऊन दाखवली होती. आता ती त्याला दाखवत होती, आणि तो ठार खोटारडा बसून ऐकत होता.

चार दिवसांत त्याला तिथली माणसं ओळखू यायला लागली. पडद्यावर माणसं काढायची म्हणजे त्यांच्याकडे नीट पाहावंच लागतं, आणि नीट पाहिलं की दुसरंही काहीबाही दिसतं. समुद्रावरचं एकही माणूस रेणूला हाक मारल्यावाचून पुढे जात नव्हतं. 'बाई, आज उशीर?' 'बाई, पोरगी पाढे म्हणत नाय!' जाळं विणणारा म्हातारा तिला बसायला डबा उलटा करून द्यायचा. घरी आल्यावर चपलेला चिखल लागला तर चार वेळा पाय धुणारी त्याची पोर तिथे सलवार खोचून अनवाणी पाण्यात उभी राहायची, आणि 'नाय', 'हाय' करून मासेवाल्यांशी हुज्जत घालायची. घरी ती एवढी हसत नव्हती. जागेश्वरने आठवून पाहिलं. नाही, एवढी नाहीच.

एके दिवशी एका म्हातारीने तिच्या हातून फोन हिसकावला. समोरचे दोन दात पडलेले, हनुवटीवर गोंदण, कानात जडशीळ सोनं. "बाईचे बाबा काय? मी अनशीमावशी. तुमची पोर माझ्याच घरात राहते, भाडेकरू नाय हो, लेकीसारखी. डोळं कसं हाईत तुमचं?"

"आहेत... तसेच आहेत जी."

"बरं हुतील. मी देवीला नवस केलाय. तुमचं डोळं चांगलं हुईस्तोवर मी सुरमई तोंडाला लावनार नाय. कोळणीनं सुरमई सोडली म्हंजे देवीला आयकावंच लागतंय." आणि मग आवाज खाली आणून, पण जागेश्वरला स्वच्छ ऐकू जाईल असा, ती म्हणाली, "तुमचं डोळं बरं झालं, तर बाई जानार नाय ना?"

एक परकी बाई, जी जागेश्वरला कधी भेटलेली नाही, ती त्याच्या धडधाकट डोळ्यांसाठी जेवणातला घास सोडून बसली होती! त्याला स्वतःची अशी शरम वाटली की त्याने कुंचला पाण्यात टाकला तो काढायचंही त्याला सुचलं नाही.

रेणूने फोन परत घेतला. पण घेताना कॅमेरा उलटा फिरला, आणि समुद्राऐवजी तिचंच तोंड फोनवर आलं. तिने तो सरळ केला नाही. कशाला करील? बापाला दिसत नाही ना. "तर बाबा," ती म्हणाली, "आता सूर्य खाली आला. पानी असं मस्त पिवळं झालं. लेकरं खेळून राहिली. फारच मजा आहे आज."

आवाज अगदी हसरा होता. आणि तोंडावरून पाणी वाहत होतं.

ओढणीच्या टोकाने एक डोळा पुसायची, तोवर दुसरा भरायचा. खालचा ओठ दातात धरायची, सोडायची, आणि पुन्हा त्याच हसऱ्या आवाजात, "शेवटची होडी लागून राहिली बाबा, तिच्यावर चार मानसं आहेत." मान वळवून ती समुद्राकडे पाहत होती, आपल्या हातून सुटणारी वस्तू पाहावी तशी. ओढणी धरलेल्या त्याच हातात तिच्या चपलाही होत्या. बाप तीनशे कोसांवर बसून पोरीचं रडणं पाहत होता, आणि पोरीला वाटत होतं की तिला कोणी पाहत नाही. सात वर्षांत तिने बापापुढे असं उघडं तोंड कधी केलं नव्हतं. आता केलं, कारण तो आंधळा होता.

"दिसते का काई डोळ्यापुढं, बाबा?" तिने विचारलं. म्हणजे सांगितल्यावरून चित्र उभं राहतं का, असं.

"दिसते," जागेश्वर म्हणाला. "सारं दिसते, बाई."

घरी आला तो जेवला नाही. शामकलाने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा ताट सरकवून म्हणाली, "झालं काय? तोंडातून तर फुटा."

"रडून राहिली पोरगी."

"मले ठावं आहे." शामकला म्हणाली. "अर्ज भरला तवापासून रडून राहिली. आवाजानं समजते मले. तुमचे तर डोळे आहेत, तुमाले आता समजलं?"

महिनाअखेरीला बारा दिवस राहिले होते. पुढचे नऊ दिवस जागेश्वर समाजमंदिरातून फक्त जेवायला बाहेर पडला. फोन आला की 'हं, हं' करायचा. कोणाला आत येऊ दिलं नाही, योगराजलाही नाही. आजवर पडद्याला तो झाडूएवढा ब्रश वापरायचा, दुरून दिसायचं असतं ना. या खेपेला त्याने पाट्यांच्या बारीक अक्षरांचे ब्रश काढले. माणसांची शिस्त त्याने मोडून टाकली. साठ-सत्तर माणसं काढली, आणि एकही नुसता ठिपका नाही. कोणाचा चेहरा वाढलेल्या दाढीसकट, कोणाच्या हातातल्या बांगड्या मोजता याव्यात अशा. होड्यांवरची नावं अक्षरन् अक्षर लिहिली. बैलाचं शिंग वाकडं आणि त्याला जांभळी चिंधी. अनशीमावशीचे पडलेले दोन दात. त्याचे डोळे दुखून आले, पाणी यायला लागलं, तो गार पाण्याचा हबका मारायचा आणि पुन्हा बसायचा. खोटं बोलून जे डोळे घालवले होते, ते परत आणायचे म्हणजे मेहनत पडणारच.

शेवटच्या दिवशी त्याने पाण्याच्या काठाशी, उजवीकडे, एक बाई काढली. एका हातात चपला. दुसऱ्या हातात ओढणीचं टोक, आणि ते टोक डोळ्याला.

दहाव्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन पडल्यावर, पडदा शाळेच्या भिंतीला टांगला. गाव गोळा झालं. लोक पडद्याच्या अगदी जवळ सरकले, आणि मग सगळेच बोलायला लागले. योगराजचे डोळे विस्फारले. "मामाजी, हे काय करून ठेवलं? आता नाटक कोन पाहीन!" जागेश्वरने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. त्याने आपल्या फोनवर एक फोटो पूर्ण पडद्याचा घेतला, आणि दुसरा अगदी जवळून, त्या बाईचा. दोन्ही रेणूला पाठवले. खाली काही लिहिलं नाही. मग शाळेच्या ओट्यावर जाऊन बसला. दोन दिवस उरले होते.

फोन यायला बराच वेळ लागला. आला तेव्हा रेणूचा आवाज इतका बारीक होता की त्याला दुसऱ्या कानावर हात ठेवावा लागला.

"हे कोनी काढलं?"

"मी."

"कोन सांगत होतं?"

"कोनीच नाई. तूच दाखवून राहिली होती."

मागे लाटांचा आवाज येत होता. "मी रडत होती हे मी सांगितलं नव्हतं तुमाले."

"नाई सांगितलं."

"म्हंजे तुमाले दिसते."

"दिसते."

"कवापासून?"

"पयलेपासून. दिसाचं कधी बंदच नाई झालं, बाई. मी लबाड बोललो. पाळ काढली ते डोळ्यापाई नाई, अक्कल तेवढीच होती म्हनून." त्याने श्वास घेतला. "तो अर्ज मांगं घे. परवापर्यंत टाईम आहे."

फोन चालू आहे की नाही हे त्याने कानावरून काढून पाहिलं. चालू होता. मग त्याने तिला ती गोष्ट सांगितली, जी त्याने आजवर शामकलालाही धड सांगितली नव्हती. तो एकवीस वर्षांचा असताना नागपूरला पळाला होता. सिनेमाचे मोठाले बॅनर रंगवणाऱ्या एका उस्तादाकडे पाच महिने होता. उस्ताद म्हणाला होता, तुझा हात चांगला आहे, थांब. आणि घरून बापाचं कार्ड आलं, 'माय शिरियस, निघून ये.' तो निघून आला. येऊन पाहतो तर रोवणी चालू होती, आणि माय गुडघाभर चिखलात, परहे, म्हणजे धानाची रोपं, हातात घेऊन, गाणं म्हणत होती. बाप बांधावर उभा होता. बापाने त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मंग तुमी आजोबाले काय म्हनलं?" रेणूने विचारलं.

"काईच नाई. पिशवी ठेवली आन् चिखलात उतरलो. मंग चाळीस वर्स काईच नाई म्हनलो. ते मरून गेले तरी नाई म्हनलो. आन् आता पाय, मी तेच केलं, तुझ्यासंग." "तू माझ्यावानी नको करू. तू म्हन. जे मनात येते ते म्हन मले."

रेणूने मग म्हटलं. आधी तिला शब्द सापडेनात, पण एकदा सापडल्यावर ती थांबेना. शाळेतल्या मराठीत सुरुवात केली, मग घरच्या बोलीवर आली, आणि राग फारच चढला तेव्हा थेट अनशीमावशीच्या भाषेत शिरली. चौदा रात्री तिला झोप नव्हती, हे सांगितलं. ती स्वतःला पापी समजत होती, हे सांगितलं. वनवास, वनवास म्हणून गावात सांगत सुटले आणि एकदा येऊन पाहिलं नाही, हेही सांगितलं. जागेश्वर उठून उन्हात उभा राहिला आणि ऐकत गेला.

शामकला लगबगीने ओट्यापाशी आली. त्याचं तोंड पाहून तिने खुणेने विचारलं, काय म्हणते?

जागेश्वरने फोनवर हात ठेवला. "अर्ज मांगं घेते म्हनते. मले खोटारडा म्हनते. अर्धं आता बोलते, अर्धं दिवाळीत येऊन तोंडावर बोलते म्हनते."

"मंग?"

"मंग काय? बोलू दे ना तिले," तो म्हणाला, आणि फोन पुन्हा कानाला लावला.